झरोक्यातून शिकलेली फोडणी

मला सैपाक येत नव्हता. हे वाचून माझ्या नातसुना तोंडाला पदर लावतील, पण खरं ते खरं. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकर थापता येत नव्हती. वरणात हळद आधी पडते की डाळ, हेही ठाऊक नव्हतं. माझं माहेर अचलपूरच्या बाजूला, माळ्याचं. मी रांगत होते तेव्हाच आई गेली आणि बापानं मला मळ्यातच वाढवलं. वांग्याला पाणी कधी द्यायचं, पानावर कीड दिसली तर राख किती भुरकायची, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण ते वांगं कढईत गेल्यावर त्याचं काय करायचं? घरात शिजवायची माझी विधवा आत्या, आणि ती चुलीजवळ कोणाला फिरकू द्यायची नाही.

आधी एक सांगून टाकते. मला म्हातारपणी नातवानं अक्षरं शिकवली, आणि अक्षरांसोबत त्याचं पुस्तकी बोलणंही मला चिकटलं. म्हणून लिहिताना मी मला-तुला लिहिते. तोंड उघडलं की मात्र मले-तुलेच येतं. तेव्हा त्या दिवशी जो जे बोलला ते मी तसंच लिहिणार आहे. नातू म्हणतो सुधरवून लिही. कायले सुधरवू?

ते दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे, तिकडचा कापूस यायचा बंद झाला आणि इकडे आमच्या काळ्या मातीचं नशीब उघडलं. जिकडे पाहावं तिकडे कापूस. ज्वारीच्या वावरात कापूस, गुरांच्या चाऱ्याच्या पट्टीत कापूस, आणि खायची ज्वारी बाजारातून आणायची, असा उलटा कारभार. आमचं गाव अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या गाडीरस्त्यावर. दिवसभर दारावरून बैलगाड्या जायच्या, आणि गाडी गेली की बाभळीच्या काट्यांना कापूस लोंबकळत राहायचा.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, काही केल्या विकायला तयार होईनात. भाव अजून चढेल, अजून चढेल. त्यांनी अख्खा हंगाम घरात भरला. आमच्या घराची ठेवण अशी, की ओसरीवरून आत गेलं की माजघर, आणि माजघरातून आत गेलं की एक अंधारी खोली. त्या खोलीला दुसरं दार नाही. परसाच्या बाजूनं एक झरोका तेवढा होता. त्यातून एखादं मांजर गेलं असतं, माणूस नाही. माजघर जमिनीपासून आढ्यापर्यंत कापसानं ठासून भरलं. एका भिंतीला लागून, माणूस अंग चोरून सरकेल एवढीच वाट ठेवली. सैपाकघरातही कापूस. म्हणून चूल गेली परसात, झरोक्याखाली.

आणि त्या अंधाऱ्या खोलीत बसायची माझी सासू. तिला मी आत्याबाई म्हणायचे. जन्मभर चुलीचा धूर खाऊन तिचे डोळे गेले होते. कान मात्र असे तिखट, की ढिगावरून उंदीर गेला तरी तिला कळायचं. मामाजींनी हे बरोबर हेरलं. गावात कापसाच्या चोऱ्या होऊन राहिल्या होत्या, तर म्हणाले, घरात माणूस पाहिजे, आणि म्हातारी नाहीतरी बसूनच असते. झालं. माजघराच्या दाराला आतून अडसर लावायचा आणि तिनं आत राखण करायची. मामाजी ओसरीवर निवांत असले, की तेवढा वेळ तिला बाहेर यायची मुभा. मग ती भिंतीला हात लावत, कापसाला खांदा घासत त्या वाटेनं यायची आणि पायरीवर तोंड वर करून उन्हात बसायची.

मला पहिल्या दिवसापासून धडकी भरली होती. आग लागली तर ही बाई निघणार कुठून? मी घरधन्याला विचारलं. त्यानं मान खाली घातली.

"बापाले कोन सांगन?" म्हणाला.

"मी सांगू का मंग?"

"तू? येडी झाली का?"

आमच्याकडे नव्या सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही. पदर नाकापर्यंत, आणि काही हवं असलं तर भिंतीकडे पाहून बोलायचं, ज्याला ऐकायचं असेल तो ऐकेल. लग्न होऊन महिने उलटले होते, पण मामाजींशी मी एक शब्द बोललेले नव्हते. त्यांचा राग माझ्या पोटात नुसता साचत होता. आजही तो सगळा गेला आहे असं नाही.

तर माझी शाळा ती झरोक्याखालची चूल. आत्याबाईला मी दिसत नव्हते आणि मला ती दिसत नव्हती, भिंतीतून नुसता तिचा आवाज यायचा. पहिल्याच दिवशी मी कढईत तेल ओतलं, मोहरी टाकली, आणि मोहरी बुडाशी मुकाट बसून राहिली.

"तेल थंडं हाय," झरोका बोलला. "मोहरी रडून राह्यली पाय. इस्तो पुढं लोट."

मी विस्तव पुढं लोटला. मोहरी तडतडली.

"आता जिरं. हां. आता लसूण ठेचून टाक. हलव. थांब… थांब… वास गोड झाला का? अजून नाई. आता झाला. आता कढई उतरव, मंग हळद-तिखट टाक, नाई त जळन."

मी तोंड वासून पाहत राहिले. भिंतीआड बसून या बाईला माझ्या कढईतला लसूण कधी लाल झाला ते कळत होतं! पुढं तिनं मला सगळं तसंच शिकवलं. तुरीच्या डाळीचं वरण, तर डाळ धुताना पाण्याचा आवाज जड आला पाहिजे, आणि शिजताना उतू जाण्याच्या आधी तिचा बुडबुड आवाज बसका होतो, तेव्हा झाकण काढायचं. बेसनाचा झुणका, तर फोडणीच्या पाण्याला खळखळ उकळी आल्याशिवाय पीठ भुरकायचं नाही, आणि भुरकताना दुसऱ्या हातानं हलवत राहायचं, हात थांबला की गुठळी झालीच समज. जवसाची चटणी, तर जवस भाजताना पावसासारखे पटपट वाजतात, वाजणं विरळ झालं की उतरवायचे. अंबाडीची भाजी, तर आधी उकडून आंबट पाणी काढून टाकायचं, मग तिच्यात मूठभर ज्वारीच्या कण्या. सासऱ्याच्या गळ्यात माळ, घरात मांसमच्छी काही नाही, त्यामुळे डाळ, पीठ आणि पाला यांतच सगळी कसरत. भाकर तेवढी ऐकून शिकता येईना. तेव्हा तिनं एकदा झरोक्यातून हात बाहेर काढला, मी पिठाचा गोळा तिच्या हातावर ठेवला, आणि ती बोटांनी दाबून म्हणाली, "अजून मळ. आंग चोरून मळून राह्यली तू." मला हसूही आलं आणि रडूही.

मायेचं माणूस मला त्या घरात तेवढंच होतं. तेही भिंतीआड, कापसाच्या पलीकडे.

हिवाळा सरत आला तेव्हा एकदाचं विकायचं ठरलं. अमरावतीचा दलाल येणार असा सांगावा आला. त्याच्या आधी एका सकाळी मी चूल पेटवत होते तर झरोक्यातून हळू आवाज आला.

"पोरी, कोनी हाय का परसात?"

"नाई."

"त्यानं कापूस पाजला."

म्हणजे मामाजींनी कापसावर पाणी शिंपडलं. ओला कापूस वजनाला चढतो. हे काम तेव्हा बरेच जण करायचे, पण कबूल कोणी करायचं नाही. आत्याबाईनं घागरीचा आवाज ऐकला होता, शिंपडणाऱ्या हाताचाही. "आता तो ढीग तापन," ती म्हणाली. "ओला कापूस दाबून ठेवला का आतून तापते. मले त्याचा कुबट वास येऊन राह्यला." मी म्हटलं, मग बाहेर या तुम्ही. ती म्हणाली, "आता दलाल येईलोक दार उघडू देनार नाई तो."

दलाल आला तो दिवस कलताना. जाडजूड गडी, तोंडात चिलीम. आत्याबाईनं आतून अडसर काढला, मामाजींनी त्याला माजघराच्या उंबऱ्यावर नेलं आणि वरवरचा कोरडा कापूस दाखवला. पण दलाल काय दुधखुळा असतो? त्यानं चिलीम डाव्या हातात घेतली, बाही वर केली आणि उजवा हात खांद्यापर्यंत ढिगात घातला. आत चाचपत राहिला. मी ओसरीच्या कोपऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मामाजींच्या कपाळावर घाम मला दिसत होता. दलालानं हात काढला, बोटं चोळली, आणि म्हणाला, "बरा हाय. सकाळी उजेडात पाहू, मंग वजन करू." चिलमीचा झुरका घेऊन तो अंगणात गेला. त्याची ठिणगी तेव्हा पडली, की ओला ढीग आपणहून पेटला, हे आजपर्यंत कोणी ठरवू शकलेलं नाही. माझ्या घरधन्याचं म्हणणं ठिणगी. मला दोन्ही खरं वाटतं.

मामाजींनी लगेच दार लोटायला लावलं. आत्याबाई आत, अडसर आत. वजनापर्यंत दार उघडायचं नाही, अंगणात परकी माणसं आहेत, असं जोरात बोलले, दलालाला ऐकू जाईल असं. खरी भीती त्यांना चोराची नव्हती. उजेडात ढीग उकलला गेला तर ओल दिसेल, याची होती. गाडीवानांना कोणता ढीग आधी द्यायचा, दलालाला कुठं बसवायचं, याचीच त्यांची जुळवाजुळव चालली होती.

दुसऱ्या दिवशी गाड्या निघायच्या आधी रोडग्यांचा निवद. आमच्याकडे घरचा माल बाजाराला निघाला की मारुतीला रोडगे दाखवल्याशिवाय बैल जुंपत नाहीत. गव्हाच्या जाड्या पिठाचे, तेलाचं मोहन घातलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे. सोबत वरण, वांग्याची भाजी, आणि दलाल आहे म्हणून कढी. एवढ्या माणसांचं मी एकटीनं कधी केलेलं नव्हतं. पहाटेचं दळण झालं, परसात गोवऱ्यांची रास पेटवली, चुलीवर डाळ चढवली, कढीसाठी ताकाचं मोठं मडकं सावलीत ठेवलं.

"गोवऱ्या पुऱ्या जळू दे," झरोका सांगत होता. "जाळावर टाकशीन त वरून कोळसा अन् आत कच्चं पीठ. राखेचा पांढरा थर आला का मंग रोडगे पुर."

मी गोळे पुरले. वांगी चिरली, आमच्या माहेरच्या बियाण्याची, काटेरी. फोडणीला तेल टाकलं.

"पोरी, तुह्या लुगड्याचा काठ पाय बरं. जळून राह्यला."

मी दचकून पाहिलं. काठ धड होता. "नाई, आत्याबाई."

"पदर पाय."

"पदर खोचला हाय."

मी मोहरी टाकली. मोहरी तडतडली आणि झरोक्यातून जिऱ्याचं काही बोलणं येईना. मी वाट पाहिली. मग ती बोलली, पण फोडणीचं नाही.

"कापड जळून राह्यलं. नक्की जळून राह्यलं. तुह्याकळे नाई त इकळे हाय."

मी कढई तशीच उतरवली आणि झरोक्याला तोंड लावलं. माझ्या नाकात गोवऱ्यांचा धूर, तेल, लसूण, मला काय कळणार? पण झरोक्यातून जो वारा चेहऱ्यावर आला तो गरम होता. आणि त्यात, समईची वात विझवल्यावर येतो ना, तसा वास.

"आत्याबाई, उठा. दार उघडून बाहेर या. आत्ताच्या आत्ता."

मला तिचे पाय ऐकू आले. खाटेची करकर, मग भिंतीवर घासणारा हात. मग ती थांबली. मग परत आली, खोकत.

"वाटेवर ढीग गरम हाय, पोरी. खांदा टेकवता येत नाई. धूर हाय तिथं. मी दारालोक जाऊ शकत नाई."

दाराला अडसर आतून. ती जाऊन काढू शकत नाही आणि बाहेरून कोणी काढू शकत नाही. मी धावत गुरांच्या गोठ्याकडे गेले, घरधनी बैलांना पाणी पाजत होता. मी सांगितलं. तो बापाकडे गेला, मी कुडाआड उभी राहून पाहिलं. मामाजी दलालाला तंबाखू देत होते. त्यांनी लेकाचं ऐकलं, हसत हसत उठले, परसात आले, आणि परसात आल्यावर त्यांचं हसू गेलं. झरोक्याजवळ तोंड नेऊन दबक्या आवाजात म्हणाले,

"गप राय. ओलीचा वास हाय तो. घडीभरानं वजन होऊन राह्यलं अन् तू बोंबलून राह्यली!"

"अवो, ओलीचा नाई," आतून खोकत आत्याबाई म्हणाली. "ओलीचा मले ठाऊक हाय. हा जळनाचा हाय."

"तुले काय दिसते?"

"दिसत नाई म्हनूनच सांगून राह्यली."

"दार फोडलं त दलाल समदा ढीग उकलन. अब्रू जाईन माझी. थोडा दम काढ."

असं म्हणाले ते. स्वतःच्या बायकोला, जिच्या एकुलत्या वाटेवर कापूस होता अशा खोलीत. वर लेकाकडे वळून "खबरदार कोनाले बोलला त" म्हणाले आणि गेले. घरधनी तिथंच उभा. मान खाली. झरोक्यातून आता नुसता वास नाही, निळसर धुराची बारीक रेघ येऊन राहिली होती.

मग माझं डोकं फिरलं. काय व्हायचं ते होऊ दे! मी परस ओलांडून ओसरीवरून सरळ अंगणात गेले. पदर डोक्यावर होता की नव्हता मला आठवत नाही. घरधनी म्हणतो नव्हता. गाडीवान बसले होते, दलाल बसला होता. मी मामाजींच्या समोर उभी राहिले आणि त्यांच्याकडे पाहून बोलले. जन्मात पहिल्यांदा.

"मामाजी, दार फोडा. आत्याबाई आत गुदमरून मरन."

मामाजी दलालाकडे पाहून हसले. "पोट्टी हाय. भेते. कापूस थोडा तापला असन—"

"तापला नाई, पेटला हाय!" मी ओरडले. "अन् तुमी त्याच्यावर पानी मारलं म्हनून उकलू देत नाई! दलालानं पायलं तरी पाहू द्या! माणूस हाय आत, माणूस!"

दलाल उठला. मला वाटलं तो मामाजींवर धावून जाईल, किंवा पाण्याचं ऐकून चालू पडेल. तो तडक ओसरीवर गेला आणि दारावर तळहात ठेवला. हात झटकन मागे घेतला. "गाडीचं जू आना रे!" म्हणाला. "समदे या!"

गाडीवानांनी जू सोडून आणलं आणि दारावर हाणायला सुरुवात केली. सागवानी दार, जुन्या काळचं. हाणून राहिले, हाणून राहिले, दार काही हलेना. मला परसातून खोकला ऐकू येत होता. मग अडसर मोडल्याचा मोठा कडाका झाला, दार आत गेलं, वारा आत शिरला, आणि ढिगाच्या मधोमध काळं भोक पडलेलं होतं ते एकदम लालभडक झालं.

लोक मागे हटले. मामाजी मात्र पुढं धावले. मला वाटलं बायकोसाठी. त्यांनी दोन्ही हातांनी कापूस ओढायला सुरुवात केली. चांगला, न जळलेला, बाजूचा. हात भाजले तरी ओढत होते, आणि ओढलेला कापूस त्याच वाटेवर पडत होता जिथून आत्याबाई यायची.

"बाबा, सरका!" हे माझ्या घरधन्यानं म्हटलं. मी त्याचा तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यानं बापाच्या दंडाला धरून त्यांना ओसरीवरून खाली लोटलं. विहीर लांब. मी परसातून ताकाचं मडकं उचलून आणलं, त्याच्या घोंगडीवर उलटं केलं, उरलेलं त्याच्या डोक्यावर. ताक निथळत तो भिंतीला पाठ लावून धुरात शिरला आणि दिसेनासा झाला.

मी झरोक्याकडे पळाले. आता धूर भसाभसा बाहेर येत होता. "आत्याबाई! ते येऊन राह्यले! कुठी हा तुमी?"

खोकला. मग घरधन्याचा आवाज, कुठून तरी आतून, गुदमरलेला. "माय! दिसत नाई काही! बोल ना माय!"

"आत्याबाई, बोला!" मी ओरडले. "तुमच्या आवाजानं येतीन ते! बोलत राहा!"

"काय बोलू… दम नाई…"

काय बोलायला लावावं मला सुचेना. मला तिच्याशी एकच बोलणं ठाऊक होतं. "फोडनी सांगा!" मी म्हटलं. "मी विसरली! तेल तापलं, मंग काय?"

"येडे… मोहरी."

"टाकली. मंग?"

"तडतडू दे…" खोकल्याची मोठी उबळ. "मंग जिरं… मंग लसूण… ठेचून…"

"मंग?"

"मंग कढई उतरव… मंग हळद…"

"हळद टाकली! मंग काय, आत्याबाई?"

"मंग… मोहरी," ती म्हणाली. चुकली ती. अशी कधी चुकायची नाही. "मंग मोहरी…" आणि आवाज थांबला. मी झरोक्यात हात घातला खांद्यापर्यंत, आत चाचपला, हाताला गरम धुराशिवाय काही लागलं नाही. मी ओरडत राहिले, मंग काय, मंग काय आत्याबाई, अन् रडत राहिले.

मग पुढच्या बाजूनं गलका झाला. मी धावले. घरधनी उंबऱ्यातून बाहेर येत होता, आईला ओल्या घोंगडीत गुंडाळून खांद्यावर टाकलेलं. त्याच्या भुवया जळाल्या होत्या. आत्याबाईचा चेहरा काजळीनं काळा, तोंड उघडं. तिला अंगणात निजवलं, मी तिच्या तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. किती वेळ ती नुसती पडून होती. मग घशातून घर्र असा आवाज आला आणि ती खोकली. मी तिला असं कवटाळलं की गाडीवानानं मला ओढून बाजूला केलं, म्हणाला, "बाई, तिले वारा लागू दे."

माजघर संध्याकाळपर्यंत जळलं. धाब्याचं घर, वर मातीचा जाड थर, म्हणून छत वाचलं. रोडगे निखाऱ्यात विसरले गेले होते. गाडीवानांनी ते उकरून, कोळसा झालेलं वरचं साल सोलून, कच्च्या-पक्क्या वरणात कुस्करून खाल्ले. दलाल सौदा न करताच निघून गेला. मामाजी दोन्ही हात हळदीत बुडवून ओसरीवर बसले होते. लेकाला म्हणाले, "तुह्या बायकोनं चारचौघांत माझी अब्रू घेतली."

"अन् तुमी माझी माय घेऊन राह्यलते," तो म्हणाला. एवढंच. नंतर त्या घरात कापूस भरला गेला नाही, आणि मी कोणापुढं बोलायची थांबले नाही.

आत्याबाई बरेच दिवस अंथरुणावर होती. घसा बसला होता, खोकल्यातून काळं पडायचं. मी तिला भाताची पेज पाजायची, ती निमूट प्यायची. हळूहळू उठून बसली. सैपाकघर रिकामं करून सारवून घेतलं, चूल आत आणली, आणि तिची खाट मी चुलीजवळ ठेवली, सैपाकघराच्या दारात, जिथून ती कधीही उठून बाहेर जाऊ शकेल. केवढी खुशी झाली होती मला. भिंत नाही, झरोका नाही. आता ती जवळ बसून शिकवणार. मी बेसनाचा झुणका करायला घेतला. मुद्दाम तोच, तिला आवडायचा.

तेल तापलं. मोहरी टाकली, तडतडली. "हां," ती म्हणाली. "आता जिरं."

जिरं टाकलं. लसूण ठेचून टाकला, आणि हलवत बसले, ती कधी थांब म्हणते त्याची वाट पाहत. लसणाला वास सुटला. घर भरून गेलं त्या वासानं. ती चेहरा माझ्याकडे करून बसली होती, कान दिलेला, ओठ थोडे उघडे, तीही कशाची तरी वाट पाहत होती. लसूण लाल झाला. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती बोलेना. लसूण काळा पडायला लागला, जळका करपट वास नाकात घुसला, शेजारच्या घरापर्यंत गेला असेल, आणि ती तशीच शांत.

मग ती जराशी पुढं वाकली आणि हळूच विचारलं, "लसूण टाकला नाई का वो अजून?"

माझा हात थांबला. कढई उतरवली मी. आवाज होऊ नये म्हणून पदरानं धरून, अलगद.

"नाई, आत्याबाई," मी म्हटलं. "आता टाकते."